केल्टिक चिन्हांची मराठी कार्डं: कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून रीतसर नोंदी ठेवायच्या असं ठरवलंय, कारण मागच्या कॅलेंडरच्या कामात कुठली माहिती कुठून घेतली तेच शेवटी आठवेना आणि सगळं परत शोधत बसावं लागलं. काम असं आहे की आमच्या शनिवारच्या मराठी वर्गातल्या मुलांसाठी वीस कार्डांचा संच करायचा, पुढच्या बाजूला चिन्ह, मागे मराठीत त्याची गोष्ट आणि अर्थ. ही सगळी पोरं इथेच आयर्लंडमधल्या ड्रॉहेडा गावात आणि आजूबाजूला वाढतायत, शाळेत सेंट ब्रिजिडचा क्रॉस विणतात, गळ्यात तीन वेटोळ्यांचं पेंडंट घालून फिरतात, पण आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर त्याबद्दल मराठीत दोन वाक्यं सांगता येत नाहीत. परवा माझ्या आईने लेकीला विचारलं, "अगं, गळ्यात काय घातलंयस ते, ओमसारखं काही आहे का?" लेक म्हणाली, "आजी, ते केल्टिक आहे." आणि तिथेच संपलं. मलाही पुढे काही सांगता आलं नाही, आणि आठ वर्षं इथे राहून सांगता येऊ नये याचं मला खरंच वाईट वाटलं.

आज आठ चित्रं रेखाटून झाली. मागचा मजकूर सध्यापुरता एका दुकानात पेंडंटसोबत मिळालेल्या चिठ्ठीवरून घेतलाय. पहिलं कार्ड: तीन वेटोळी, केल्ट लोकांचं (म्हणजे युरोपातल्या जुन्या टोळ्यांचं) सगळ्यात जुनं चिन्ह, अर्थ जमीन, समुद्र आणि आकाश.

११ ऑक्टोबर, शनिवार

पहिलंच कार्ड रद्द करावं लागलं. तीन वेटोळी आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहेत, न्यूग्रेंजच्या जुन्या दगडी थडग्यात, बॉइन नदीच्या वळणावर. दारासमोर आडवा पडलेला जो तीन मीटरहून लांब दगड आहे त्याच्यावर कोरलेली आहेत आणि आत अगदी शेवटच्या कोनाड्यात एका उभ्या शिळेवर पुन्हा आहेत. आत मी दोनदा गेलेय. वाट १९ मीटरची, इतकी अरुंद की खांदे तिरके करून जावं लागतं, आणि आत पोचल्यावर ती वेटोळी एवढी लहान निघतात, साधारण फूटभर, की टॉर्च तिरका धरल्याशिवाय नीट दिसतही नाहीत. हाताने कोरलंय ते कळतं, कारण रेघ म्हणजे एक सलग खाच नाही, टोचे मारत मारत नेलेली ठिपक्या-ठिपक्यांची वाट आहे.

पण हे थडगं बांधलं इ.स.पू. ३२०० च्या सुमाराला. गिझाच्या पिरॅमिडच्याही आधी. आणि ज्याला अभ्यासक केल्टिक कला म्हणतात ती ला तेन शैली, स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल सरोवराच्या काठच्या जागेवरून नाव पडलेली, ती सुरू होते इ.स.पू. ५०० च्या आसपास. मध्ये अडीच हजारांहून जास्त वर्षं! म्हणजे हा दगड कोरणारे लोक स्वतःला केल्ट म्हणवत नव्हते, त्यांनी लिहून काहीच ठेवलं नाही, आणि त्यांनी या तीन वेटोळ्यांना काय अर्थ दिला होता हे आता कुणालाही सांगता येणार नाही. चिठ्ठीवर मात्र ते एका ओळीत उरकलेलं.

मग आज कार्डाच्या मागचा साचाच बदलला. आता तीन ओळी ठेवणार: कुठे सापडलं, जुन्या गोष्टींत काय येतं, आणि आजचा अर्थ कुणी, कधी दिला. तिसरी ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अर्थालासुद्धा तारीख असते, आणि ती मुलांना सांगायला काही हरकत नाही, आठ-नऊ वर्षांच्या पोरांना हे अगदी नीट कळतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

जमीन-समुद्र-आकाश हे काय दुकानाने हवेतून काढलं का, ते शोधत बसले. तर नाही, त्याला मूळ आहे, फक्त ते मूळ वेगळ्या जागी आहे.

जुन्या आयरिश कथांमध्ये शपथ घेतात ती याच तिघांवर. कू हुलिन या वीराच्या महाकथेत उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचे योद्धे म्हणतात की आभाळ आमच्यावर कोसळलं, जमीन दुभंगली किंवा समुद्र आम्हाला गिळायला आला तरच आम्ही जागा सोडू. आणि याच्याही कितीतरी आधी, इ.स.पू. ३३५ ला, डॅन्यूबच्या काठी केल्ट लोकांचे दूत अलेक्झांडरला भेटायला आले होते, त्याने विचारलं तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, त्याला वाटलं माझं नाव घेतील, तर ते म्हणाले आभाळ डोक्यावर पडेल याचीच काय ती. ही हकिकत अलेक्झांडरच्या सोबत असलेल्या टॉलेमीने लिहिली आणि ती पुढच्या ग्रीक लेखकांमुळे आपल्यापर्यंत आली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण बाराशे-पंधराशे वर्षांच्या अंतराने दोन टोकांना तोच विचार, तेच आभाळ कोसळणं.

म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, वेटोळी खरी, शपथ खरी. पण कुठल्याही जुन्या लिखाणात त्या शपथेचा या वेटोळ्यांशी संबंध जोडलेला नाही, ते जोडकाम आपल्या काळातलं. कार्डावर हेच जसंच्या तसं लिहिणार आहे. शब्द कमी बसवावे लागतील, पाठीमागे साठ-सत्तर शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत.

तीन पायांचं चिन्ह, म्हणजे आइल ऑफ मॅनच्या झेंड्यावरचं, त्याला वेगळं कार्ड दिलं. गुडघ्यात वाकवलेले तीन पाय, आणि बेटाच्या राजचिन्हावर त्याखाली लॅटिन ब्रीद, कसंही फेका, उभंच राहील. मुलांना हे पाठ होणार.

२ नोव्हेंबर, रविवार

गाठी. या एका कार्डावर दोन आठवडे गेले आणि अजून मन भरलेलं नाही.

पद्धत अशी की आधी ठिपके मांडायचे. ज्या हाताने ठिपक्यांची रांगोळी काढलीय त्या हाताला हे नव्याने शिकावं लागत नाही, मी बोटांनीच अंतर मोजत गेले, आई दारात काढायची तसं. फरक एवढाच की आपण ठिपक्याला ठिपका जोडतो आणि इथे रेघ ठिपक्यांच्या मधून तिरकी जाते, कडेला आली की वळते आणि परत आत येते, तमिळ लोकांच्या कोलमसारखी. मग पेन्सिलच्या रेघेची पट्टी करायची आणि प्रत्येक ओलांडणीला ठरवायचं, वरून की खालून. एकदा वर, एकदा खाली, एकदा वर, एकदा खाली. काल रात्री एका जागी सलग दोनदा वर आलं आणि मला वाटलं आकृतीच चुकलीय, पण नाही, वळणारी रेघ कितीही असो, हा वर-खालीचा क्रम नेहमी शेवटपर्यंत जुळतोच, नाही जुळला तर चूक आपल्या हाताची. खोडून परत केलं, पाचव्या ओलांडणीपासून. जुळलं.

आणखी एक सापडलं ते इतकं सुंदर आहे की लेकीला झोपेतून उठवून सांगावंसं वाटलं. साध्या चौकोनी विणीत एकूण किती वेगळ्या पट्ट्या लागतील हे आडव्या आणि उभ्या खणांच्या संख्येच्या मसाविवर ठरतं. ३ आणि ५ घेतले, मसावि १, म्हणून सगळी गाठ एकाच सलग पट्टीची. ४ आणि ६ घेतले तर मसावि २, म्हणून दोन पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या. सहावीतला मसावि इथे कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आता अर्थाकडे. सगळीकडे लिहितात की केल्टिक गाठीला सुरुवात नाही, शेवट नाही, म्हणून ती अनंताचं चिन्ह. पण वर दिसलंच की सगळ्या गाठी एका पट्टीच्या नसतात. आणि दुसरं म्हणजे ला तेनच्या कलेत अशी विणलेली गाठ नाहीच, तिथे लाटा आहेत, वेलींसारखे वळसे आहेत, डोळ्यासारख्या आकृत्या आहेत. गाठ आयर्लंडच्या कलेत येते सातव्या शतकात, ख्रिस्ती मठांमधून, रोमन फरश्यांवरच्या वेण्या, जर्मन टोळ्यांची गुंतलेली जनावरं, पूर्व भूमध्य समुद्राकडची नक्षी असं सगळं एकत्र येऊन. बुक ऑफ केल्स साधारण इ.स. ८०० चं, ६८० पानं, वासराच्या कातड्यावर, आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्यात गाठी खच्चून भरल्यात, पण ते ग्रंथ लिहिणाऱ्या एकाही साधूने अमुक गाठ म्हणजे तमुक असं कुठे लिहिलेलं नाही. दुकानात विकतात ती दारा गाठ, सर्ख बिथोल वगैरे नावं आपल्या काळातल्या दागिन्यांची आहेत.

ठिपक्यांची ही सोपी पद्धत सगळ्यांच्या हाती आली ती जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला शिक्षकामुळे. त्याने जुनी पानं आणि दगड बघून बघून, हे कसं काढलं असेल ते उलगडलं आणि १९५१ ला पुस्तकरूपाने छापलं. त्याच्याआधी अनेकांना वाटायचं की हे माणसाच्या हातून परत होणं शक्य नाही. एका शिक्षकाने ते शाळेतल्या पोरांना जमेल इतकं सोपं केलं, हे माझ्यासाठी कुठल्याही अनंतापेक्षा मोठं आहे. कार्डाच्या मागे अर्थ नाही लिहिणार, ठिपके छापणार, मुलांनी स्वतः काढायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कागद ठरला, ३०० जीएसएम, मॅट. चकचकीत कागदावर पेन्सिल चालत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

झाडं. दोन मैत्रिणींनी आधीच विचारून ठेवलेलं की झाडांची रास घालशील ना, माझी ओक आहे, तिची विलो आहे. ती रास नाही घालणार, आणि का ते त्यांना फोनवर सविस्तर सांगितलं. तेरा महिन्यांचं ते झाडांचं कॅलेंडर रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीने १९४८ साली मांडलं, राशी त्याच्याही नंतर आल्या. जुन्या आयर्लंडमध्ये अशी रास नव्हती.

त्याने ते बांधलं ओगम लिपीवरून, आणि ओगम मात्र अस्सल आहे, चौथ्या ते सहाव्या शतकातली, आयर्लंड आणि ब्रिटन मिळून चारशेच्या आसपास दगड आहेत, सगळ्यात जास्त नैऋत्येला केरी आणि कॉर्कमध्ये. वीस अक्षरं, पाच-पाचचे चार गट. दगडाच्या उभ्या धारेलाच मुख्य रेघ मानायचं आणि तिच्या डावीकडे, उजवीकडे, तिरक्या किंवा धारेवरच एक ते पाच खाचा पाडायच्या, वाचायचं खालून वर. काही अक्षरांची नावं झाडांची आहेत, बेह म्हणजे बर्च, फार्न म्हणजे आल्डर, सगळ्यांची नाहीत. आणि दगडांवर लिहिलंय काय, तर भविष्य नाही, मंत्र नाही, माणसांची नावं: अमक्याच्या मुलाचा, तमक्याचा. त्यातला मुलासाठीचा शब्द मकी, तोच पुढे मॅक झाला, आज आमच्या गल्लीत मॅक असलेली चार तरी घरं आहेत. आपल्याकडे वीरगळ शेतात उभे असतात आणि गावातली मंडळी त्यांना शेंदूर लावून जातात, तसेच हे दगडही कुणाकुणाच्या शेतात आणि चर्चच्या आवारात उभे आहेत.

झाडांचं खरं महत्त्व दुसरीकडे सापडलं. जुन्या आयरिशमध्ये पवित्र झाडाला बिले म्हणायचे, त्याच्या सावलीत राजाला गादीवर बसवायचे. स्थळकथांमध्ये पूर्ण आयर्लंडची पाच मोठी झाडं सांगितलीत, एक ओक, एक यू आणि तीन अ‍ॅश. आणि शत्रूच्या मुलखात शिरलं की त्याचं झाड तोडायचं, हा सगळ्यात मोठा अपमान. इतिवृत्तांत ११११ सालची नोंद आहे की अल्स्टरच्या लोकांनी टुल्लाहोगवर चाल करून तिथली झाडं तोडली, आणि त्याचा सूड म्हणून दुसऱ्या बाजूने त्यांच्या गाई वळवून नेल्या. झाडाच्या बदल्यात गाई! हे वाचताना मला आमच्या कोकणातली देवराई आठवली, जिथली वाळकी काटकीसुद्धा आजोबा उचलू द्यायचे नाहीत.

म्हणून कार्डावर तो गोल, मुळं आणि फांद्या गाठीत गुंतलेला जीवनवृक्ष नाही काढणार, ती आजची रचना आहे. एक टेकडी, एकटं अ‍ॅशचं झाड, खाली दगडाची बैठक. लेक म्हणाली साधं दिसतंय. साधंच हवंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

शिंगवाला देव. हे चित्र काढताना हात थरथरला, खोटं नाही.

१८९१ साली डेन्मार्कमध्ये हिमरलांड भागात पीट (दलदलीतली जळणाची माती) काढताना चांदीचं एक भांडं सापडलं, तुकडे सुटे करून दलदलीत ठेवलेलं, जवळजवळ नऊ किलो वजनाचं, ६९ सेंटीमीटर व्यासाचं. गुंडेस्ट्रुपचा कढा म्हणतात. त्याच्या आतल्या एका पत्र्यावर तो बसलाय, डोक्याला सांबरासारखी शिंगं, एका हातात पिळाची हसळी, दुसऱ्या हातात मेंढ्याची शिंगं असलेला साप, आजूबाजूला हरीण आणि इतर जनावरं, आणि पाय मुडपून मांडी घातल्यासारखा बसलेला. कुठल्याही भारतीय माणसाला बघितल्याबरोबर मोहेंजोदडोची ती मुद्रा आठवणार, पशुपती म्हणून शाळेच्या पुस्तकात असते ती. अभ्यासकांनीही हे साम्य बोलून दाखवलंय. पण मुद्रा या कढ्याच्या दोन हजार वर्षं आधीची आहे आणि मधला एकही दुवा हातात नाही. कढ्याची चांदीची घडण बाल्कनकडच्या थ्रेशियन कारागिरांची दिसते, त्यावर हत्तीसुद्धा आहेत, म्हणजे कारागिराने किंवा त्याच्या गुरूने लांबलांबची चित्रं पाहिलेली असणार. सापडला उत्तरेत, घडला आग्नेयेत, देव गॉलचा, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा. मुलांना मी साम्य दाखवणार आणि अंतरही दाखवणार.

त्याचं नाव आपण केर्नुनोस म्हणतो ते पॅरिसमुळे. १७११ साली नोत्र दामच्या खाली खोदताना नावाड्यांच्या संघाने उभारलेल्या एका खांबाचे दगड निघाले, सम्राट तिबेरियसच्या काळातले, म्हणजे पहिलं शतक. एका दगडावर शिंगवाला चेहरा, शिंगांमध्ये हसळ्या अडकवलेल्या, वर नाव कोरलेलं, पहिलं अक्षर आता झिजून गेलंय. नाव उरलं, चेहरा उरला, पण या देवाची एकही गोष्ट उरली नाही, गॉलच्या लोकांनी आपल्या कथा लिहून ठेवल्या नाहीत आणि बोलणाऱ्यांची भाषाच गेली. कार्डाची मधली ओळ, जुन्या गोष्टींत काय येतं, ती या कार्डावर रिकामी सोडलीय. छापखान्यातल्या दादांनी फोन करून विचारलं, मॅडम मजकूर राहिलाय का. म्हटलं नाही, तो तसाच आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

आजची कार्डं भराभर झाली कारण आयर्लंडने गोष्टी जपल्यात. बाराव्या शतकाच्या आसपास ख्रिस्ती साधूंनीच या जुन्या देवांच्या कथा उतरवून घेतल्या, त्यांच्या परीने थोड्या बदलून का होईना, पण उतरवल्या.

सामन मासा: विहिरीभोवती हेझलची नऊ झाडं, फळं पाण्यात पडतात, मासा ती खातो आणि सगळं ज्ञान त्याच्यात जातं. कवी फिनेगस बॉइनच्या काठी सात वर्षं त्या माशासाठी बसला होता. सापडला तेव्हा त्याने पोरगा फिन याला भाजायला दिला, म्हणाला खायचा नाही, चव पण घ्यायची नाही. भाजताना कातडीला फोड आला, फिनने तो अंगठ्याने दाबला, चटका बसला, अंगठा तोंडात घातला, आणि झालं, ज्ञान फिनला मिळालं. फिनेगसने उरलेला मासाही त्यालाच दिला, हा भाग मुलांना सांगायचाच, सात वर्षं वाट पाहिलेल्या माणसाने तो दिला. १९२८ ला स्वतंत्र आयर्लंडने पहिली नाणी काढली तेव्हा फ्लोरिनवर हाच मासा आला, समितीचे अध्यक्ष कवी येट्स होते.

कढा: दाग्दा या देवाचा, त्यावरून कुणीही उपाशी उठत नाही. अक्षय्य थाळी म्हटलं की पोरांना एका शब्दात कळेल. तुआहा डे डॅनन, म्हणजे आयर्लंडच्या जुन्या देवांचं कुळ, त्यांच्या चार ठेव्यांपैकी एक, बाकीचे म्हणजे लूचा भाला, नुआदाची तलवार आणि खरा राजा पाय ठेवेल तेव्हा गर्जणारा दगड लिआ फॉल. टाराच्या टेकडीवर आज एक उभा दगड त्या नावाने दाखवतात.

गाय: बॉइन नदीची देवी बोअन, नावाचा अर्थ पांढरी गाय. आयरिशमध्ये गाय म्हणजे बो, आपला गो, दोन्ही एकाच जुन्या शब्दाची लेकरं, भाषाशास्त्रात हे पक्कं आहे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुमच्या घरामागून गोदाच वाहतेय की." हा फोन मी विसरणार नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

उरलेली पटापट. क्लॅडा अंगठी, दोन हात, हृदय, मुकुट: गॉलवेजवळच्या कोळ्यांच्या वस्तीवरून नाव, सतराव्या शतकातल्या रिचर्ड जॉइस या सोनाराशी जोडलेली, हातात हात घेतलेल्या अंगठ्या तर रोमन काळापासून. पुराणकथेशी संबंध नाही, पण मुलांच्या आयांच्या हातात आहे म्हणून ठेवली. तीन पानांचा शॅमरॉक: सेंट पॅट्रिकने त्यावरून ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) समजावलं ही गोष्ट लेखी प्रथम दिसते १७२६ ला, संत होऊन गेला पाचव्या शतकात. तीन किरणांचं अवेन: वेल्समधल्या योलो मोर्गानुगने अठराव्या शतकाच्या शेवटी काढलेलं. वीणा, म्हणजे हार्प: दाग्दाची हार्प भिंतीवरून आपणहून उडून त्याच्या हातात येते आणि तो तीन सूर वाजवतो, रडवणारा, हसवणारा, झोपवणारा. शत्रूची सगळी फौज झोपली आणि तो निघून आला.

कावळा जरा जास्त वेळ घेऊन केला. कू हुलिन जखमी झाल्यावर स्वतःला उभ्या दगडाला बांधून घेतो, उभ्याने मरायचं म्हणून, आणि जवळ यायची कुणाची हिंमत होत नाही, शेवटी खांद्यावर कावळा येऊन बसतो तेव्हा कळतं की तो गेला. हा क्षण ऑलिव्हर शेपर्डने १९११ ला घडवला तेव्हा ती पुराणातली मूर्ती होती. १९३५ ला ती डब्लिनच्या मुख्य पोस्टात बसवली, ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात जिथे लढले तिथेच, आणि तेव्हापासून ती त्या लढलेल्यांची झाली. मूर्ती तीच, कावळा तोच. याच्या तिसऱ्या ओळीत मी दोन्ही सालं घातलीत.

२१ डिसेंबर, रविवार

पहाटे सहाला उठून न्यूग्रेंज. आत जायला सोडत असते, हजारो अर्ज येतात आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना मिळतं, आम्हाला नाही मिळालं. बाहेर मात्र कुणीही उभं राहू शकतं. थंडीने पायाची बोटं बधिर झालेली, लेक माझ्या कोटाच्या आत शिरून उभी होती, शेजारच्या एका काकांनी थर्मासमधला चहा दिला. नऊला दोन-चार मिनिटं असताना नदीपलीकडच्या डोंगराच्या कडेवर ढगाखाली आधी एक पिवळी चीर दिसली, मग सूर्य.

दारावर एक वेगळी चौकोनी फट आहे, तिच्यातून या दिवसांत उजेड आत जातो आणि १९ मीटर जाऊन शेवटच्या खोलीला लागतो, सतरा मिनिटं राहतो. प्रा. मायकेल ओ'केली १९६७ ला याच तारखेला एकटे आत बसले होते तेव्हा आपल्या काळात पहिल्यांदा कुणी ते पाहिलं. तोवर गावात नुसतं बोललं जायचं की उगवतीचं ऊन आत शिरतं.

लेकीला तिथेच गोष्ट सांगितली. दाग्दाला बोअन आवडली, त्याने तिच्या नवऱ्याला कामावर पाठवलं आणि काळ असा थांबवला की नऊ महिने त्याला एका दिवसासारखे वाटले, तेवढ्यात एंगस जन्मलाही. मोठा झाल्यावर एंगसने हे घर मागितलं, दिवस आणि रात्रीपुरतं. दिलं. दुसऱ्या दिवशी परत मागायला आले तर म्हणाला, जग सगळं दिवस आणि रात्रीचंच तर बनलंय, तुम्ही मला कायमचं दिलंत. सूर्य थांबण्याची गोष्ट नेमकी या जागेची, आणि वर्षात सूर्य थांबल्यासारखा वाटतो तोही याच दिवसांत. बांधणाऱ्यांपासून गोष्ट लिहिणाऱ्यांपर्यंत चार हजार वर्षं गेली होती. ती आठवण एवढी टिकली, की जागा बघून कुणाला नव्याने सुचलं, यावर मी परतीच्या वाटेवर बोलतच राहिले आणि लेक गाडीत झोपून गेली.

१० जानेवारी, शनिवार

वर्गात पहिली चाचणी. नऊ मुलं. कावळ्याच्या कार्डावर एक मुलगा लगेच म्हणाला, "आमच्या आजोबांच्या दहाव्याला कावळा येतच नव्हता, बाबांनी हात जोडून काहीतरी कबूल केलं तेव्हा आला." सगळी शांत. मग एकीने विचारलं, मग कावळा चांगला का वाईट? मी म्हटलं तुम्हीच बघा, तिकडे कावळा आला की माणूस शांत झाला असं समजतात आणि इकडे कावळा आला की माणूस गेला असं समजले, दोन्हीकडे गेलेल्याची बातमी त्यालाच आधी. बराच वेळ बोलत होती पोरं. गाठीचं कार्ड सगळ्यांनी काढून पाहिलं, तिघांची वर-खाली जुळली. रिकामी ओळ असलेल्या कार्डावर दोघांनी स्वतःच शिंगवाल्या देवाची गोष्ट लिहून आणली तर चालेल का विचारलं. चालेल म्हटलं, खाली तारीख घाला.

दुरुस्त्या: ओगमच्या कार्डावर खालून वर वाचायचा बाण हवा. टारा आणि आपलं तारा मुलं एकच समजतायत, उच्चार लिहायचा.

३१ जानेवारी, शनिवार

शेवटचं कार्ड, ब्रिजिडचा क्रॉस. उद्या तिचा सण. ब्रिजिड दोन आहेत, एक दाग्दाची लेक, कवींची देवी, तिच्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची आणि एक लोहारकामाची, आणि दुसरी किल्डेअरची संत. किल्डेअर म्हणजे ओकचं चर्च. क्रॉसचा उल्लेख लेखी सापडतो तो सतराव्या शतकापासून, पण विणणाऱ्या हातांना त्याचं काही देणंघेणं नाही, ते आईकडून लेकीकडे आलंय.

शेजारच्या आजींनी संध्याकाळी बोलावलं. ओलसर लव्हाळ्याची जुडी टेबलावर, तेच आपलं महापुरात वाचणारं लव्हाळं, सकाळी शेताच्या कडेहून हाताने उपटून आणलेलं, विळा लावायचा नाही म्हणाल्या. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर आडवी घालायची, दाबून ठेवायचं, सगळं पाव फेरा फिरवायचं, पुढची काडी दुमडून आधीच्यावर. परत फिरवायचं. मधला चौकोन हळूहळू भरत जातो आणि अंगठा सोडला की सगळं ढिलं होतं, माझं दोनदा झालं, तेव्हा त्यांनी स्वतःचा अंगठा माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "अंगठ्यानेच धर, बोटांनी नको." चारही टोकं दोऱ्याने बांधली, कात्रीने सारखी केली. हाताला ओल्या गवताचा वास अजून आहे.

मी विचारलं याचा अर्थ काय सांगू मुलांना. म्हणाल्या, "आमची आई म्हणायची घराला आग लागत नाही. दारावर लाव आणि गेल्या वर्षीचा काढू नकोस." त्यांच्या दारावर आतल्या बाजूला सहा आहेत, सगळ्यात जुना चुलीच्या धुराने काळा पडलेला. बाहेर कुंपणावर कापडाची एक पट्टी टांगून ठेवली होती, रात्री ब्रिजिड जाते तेव्हा तिचा हात लागतो आणि मग ती डोकेदुखीवर बांधतात.

कार्डाचा मजकूर पूर्ण केला. तिसऱ्या ओळीत त्यांच्या आईचं वाक्य, खाली आजची तारीख. क्रॉस आमच्या दारावर लावला, दिवाळीच्या वाळलेल्या तोरणाच्या शेजारी, ते काढायचं राहून गेलं होतं. फाइल उद्या छपाईला जाईल.